घासाची नोंद

हे विश्वंभरा, जिथे माणसाची नजर पोचत नाही तिथल्या पोटांचीही तुला काळजी आहे, हे मी लहानपणापासून ऐकत आले. ते किती खरे आहे, हे मला बैकाल सरोवराने समजावले. सैबेरियातल्या त्या पाण्यावर जानेवारीपासून मेपर्यंत बर्फ असतो, माणसे त्यावरून गाड्या नेतात. काठावर उभ्या असलेल्याला वाटावे, इथे आता काही जगत नसेल. नेमके त्याच दिवसांत, वाऱ्याने वरचे भुसभुशीत हिम झाडून नेले की उघड्या पडलेल्या नितळ बर्फातून तू ऊन खाली सोडतोस, आणि शून्याला टेकलेल्या पाण्यात डायटम ही सूक्ष्म शैवाले वाढू लागतात. सिलिकेच्या कवचातली एकेक पेशी दुसरीला चिकटून त्यांचे धागे होतात. काही वर्षी मार्च-एप्रिलमध्ये बर्फाखालचे पाणी त्या धाग्यांनी दाट होऊन जाते. कुणी पाहत नसताना तू केलेल्या या तजविजीला माझा पहिला नमस्कार.

दुसरा नमस्कार त्या डायटमवर जगणाऱ्यांना. एपिशुरा हा जेमतेम दीड मिलिमीटर लांबीचा कोपेपॉड, म्हणजे पाण्यात तरंगणारा इवला कवचधारी जीव, मूळचा बैकालचाच. उघड्या पाण्यातल्या प्राणी-प्लवकांच्या एकूण वजनात बहुतेक वर्षी सगळ्यात मोठा वाटा त्याचा असतो. बर्फाखालीही त्याची पिल्ले निपजतात. त्याला खाणारा कोळंबीसारखा मॅक्रोहेक्टोपस दिवसा खोल काळोखात राहतो आणि रात्री वर येतो. पुढे गोलोम्यांका मासा. त्याचे अंग इतके चरबीने भरलेले की त्यातून प्रकाश आरपार दिसतो. त्याला पोहण्याची हवेची पिशवी नाही. तो अंडी घालत नाही, जिवंत पिल्ले सोडतो. आणि या सगळ्यांच्या वर नेर्पा, गोड्या पाण्यातच आयुष्य काढणारी सीलची एकमेव जात. १,६४२ मीटर खोल, अडीच-तीन कोटी वर्षे जुने आणि तळापर्यंत प्राणवायू पोचलेले हे सरोवर. पृथ्वीवरच्या न गोठलेल्या गोड्या पृष्ठजलाचा पाचवा हिस्सा तू इथे साठवलास, आणि एवढ्या पाण्याचा संसार एका दीड मिलिमीटरच्या जिवाच्या हवाली केलास. तुझा विश्वास कुणावर असतो, हे त्यावरून कळते.

देवा, पाण्यात कोण कोणाला खातो हे आम्हाला दिसत नाही. रानात वाघाने हरण धरलेले दिसते, शेतात अळीने पान कुरतडलेले दिसते. पाण्याच्या थेंबातला घास असा दिसत नाही. पोट फाडून पाहावे तर आत हिरवट लगदा, आणि तोही शेवटच्या काही तासांचा. म्हणून तू दुसरी सोय करून ठेवलीस. प्रत्येक घासाची नोंद तू खाणाऱ्याच्या अंगातच लिहिलीस. हवेतल्या हजार नायट्रोजन-अणूंत चारच्या आत असे असतात, ज्यांचे वजन चौदाऐवजी पंधरा. हजार कार्बन-अणूंत अकराएक असे, ज्यांचे वजन बाराऐवजी तेरा. ते किरण फेकत नाहीत, झिजत नाहीत, कुणाला इजा करत नाहीत. आपल्या हलक्या भावंडांची सगळी कामे तेही करतात, फक्त किंचित सावकाश. या स्थिर समस्थानिकांच्या सावकाशपणातच तू सगळा हिशेब ठेवलास.

दाणे सुपात घेऊन पाखडले की हलके उडून जाते आणि जड मागे राहते. प्रत्येक देहात असेच चालते. खाल्लेल्या प्रथिनातला हलका नायट्रोजन मलमूत्रावाटे थोडा अधिक सहज निघून जातो, जड थोडा अधिक मागे राहतो. त्यामुळे खाणारा हा ज्याला खातो त्याच्यापेक्षा दर पायरीला थोडा जड होत जातो. बैकालच्या उघड्या पाण्यात ही वाढ हजारी सुमारे ३.३ भरली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या जपानी आणि रशियन अभ्यासकांच्या कामात डायटमपासून नेर्पापर्यंत पाच पायऱ्या या एका मापाने ओळीत लागल्या. कार्बन मात्र पायरीगणिक फारसा बदलत नाही. म्हणून तो दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. अन्न मुळात कुठून आले, मोकळ्या पाण्यातल्या शैवालातून की काठावरच्या दगडांवरच्या शेवाळातून, ते तो सांगतो. काही सरोवरांत तळाच्या चिखलातून मिथेन उठतो, त्यावर जीवाणू जगतात आणि त्या जीवाणूंवर प्लवक. तिथे प्लवकाच्या अंगातला कार्बन इतका हलका निघतो की त्याचे मूळ लपत नाही. एक अणू पायरी सांगतो, दुसरा उगम. विश्वंभरा, इतक्या साध्या दोन खुणांत तू एवढे सामावून ठेवलेस, त्याबद्दल तुझी किती स्तुती करू!

हे वाचायला ज्यांनी शिकवले त्यांचे ऋण मी तुझ्यासमोर मान्य करते. रेमंड लिंडमन या तरुणाने अमेरिकेतल्या मिनेसोटात सीडर बॉग नावाच्या लहानशा सरोवरावर वर्षानुवर्षे काम करून अन्नाच्या पायऱ्यांवर ऊर्जा कशी वर चढते ते मांडले. १९४२ साली तो लेख छापून आला तेव्हा तो या जगात नव्हता. सत्ताविसाव्या वर्षी त्याला तू नेलेस. मायकेल डीनिरो आणि सॅम्युएल एपस्टाइन यांनी प्राण्यांना ठाऊक असलेला आहार देऊन १९७८ साली कार्बनचा आणि १९८१ साली नायट्रोजनचा हिशेब तपासला. मिनागावा आणि वादा यांनी १९८४ साली समुद्रातले आणि गोड्या पाण्यातले जीव तपासून पायरीमागची सरासरी वाढ ३.४ काढली. त्यांच्या आकड्यांवर आज जगभरच्या सरोवरांचा अभ्यास उभा आहे. त्यांच्या श्रमाचे पुण्य त्यांच्या पदरी पडू दे.

आणि कोझोव घराण्यासाठी वेगळे मागते. मिखाइल कोझोव यांनी १९४५ साली, महायुद्ध नुकतेच संपत असताना, बोल्शिए कोती या गावाजवळ बैकालचे पाणी नियमाने तपासायला सुरुवात केली. त्यांच्यामागे मुलगी ओल्गा कोझोवा, तिच्यामागे नात ल्युबोव इझमेस्त्येवा. दर सात-दहा दिवसांनी, सर्व ऋतूंत, बर्फ असेल तर बर्फाला भोक पाडून, तापमान, पारदर्शकता आणि प्लवक यांची नोंद झाली. राजवट बदलली, देशाचे नाव बदलले, पगारांचे हाल झाले, पण जाळे पाण्यात उतरत राहिले. तुझ्या दारी नेमाने दिवा लावणाऱ्यांना तू जशी कृपा देतोस, तशी नेमाने जाळे टाकणाऱ्यांनाही दे.

आता माझ्या हातातल्या कामाचे बोलते. सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या बशीत थंड पाणी असते, आणि त्यात हे कोपेपॉड जीव. लांब मिशा अंगाच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या, आत तेलाचा एक चकाकता थेंब, आणि आतड्यात शेवटच्या घासाची हिरवी रेघ. ती रेघ अंगात राहून चालत नाही, नाहीतर मोजले जाईल ते शैवाल, प्राणी नव्हे. म्हणून त्यांना गाळलेल्या पाण्यात काही वेळ उपाशी ठेवतात. मग चिमट्याने एकेक वेगळा करायचा, जाती निवडायच्या, साठ अंश उष्णतेवर वाळवायचे, टिनच्या इवल्याशा कुपीत भरायचे. मिलिग्रॅमभर वजन भरायला असे कितीतरी जीव लागतात. कुपीची तोंडे दुमडून तिचा घट्ट चौकोनी गोळा करायचा. टिन कुठे फाटता कामा नये, बोट लागता कामा नये, कारण बोटाच्या घामातही नायट्रोजन असतो. दयाघना, हे जीव मी मारते. त्यांनी मला काही दिले नाही, मागितले नाही, मी मात्र त्यांचे सगळे घेते. त्यांची क्षमा मागते. आणि त्यांतला एकही वाया जाऊ नये, जास्तीचा उचलला जाऊ नये, निष्काळजीपणे केलेल्या मोजणीपायी दुसऱ्यांदा मारावा लागू नये, एवढा नेटकेपणा माझ्या हाताला दे.

ती कुपी हजार अंशांच्या भट्टीत पडते, प्राणवायूच्या झोतात क्षणात पेटते, आणि जीव वायू होतो. कार्बनचा कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजनचा शुद्ध नायट्रोजन. हेलियम त्यांना पुढे मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये नेतो. तिथे चुंबक त्यांचा मार्ग वाकवतो. हलका रेणू जास्त वळतो, जड कमी, आणि दोघे वेगवेगळ्या जागी टिपले जातात. पडद्यावर दोन उंचवटे येतात, त्यांच्या गुणोत्तरातून एक आकडा निघतो. नायट्रोजनचे मोजमाप ज्याच्याशी ताडून पाहतात ती मोजपट्टी म्हणजे आपली रोजची हवा. तुझ्या लेकरांनी श्वासात घेतलेली तीच हवा प्रत्येक जिवाच्या घासाचे प्रमाण ठरवते, हे लक्षात आले की यंत्राच्या घरघरीतही मन तुझ्यापाशी जाते.

पण देवा, आकडा हाती आला म्हणजे सत्य हाती आले असे नाही. म्हणून माझे पहिले मागणे विवेकाचे आहे. थंड पाण्यातला जीव हिवाळ्यासाठी चरबी साठवतो, आणि चरबी बनताना हलका कार्बन तिच्यात जास्त जातो. ती चरबी काढली नाही किंवा हिशेबात धरली नाही, तर जाडजूड प्राण्याचे अन्न उगीचच वेगळ्या ठिकाणचे वाटते. शैवालाचा आकडा दर आठवड्याला हलतो, त्याला खाणाऱ्याचा सावकाश, माशाचा त्याहून सावकाश. एकाच दिवशी तिघांना पकडून तुलना केली तर वसंतातला मासा हिवाळ्याची गोष्ट सांगतो आणि शैवाल कालची. शिवाय आकडा म्हणजे सगळ्या घासांची सरासरी. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी जपानी आणि रशियन संशोधकांनी नेर्पाच्या पाठीवर कॅमेरे आणि हालचाल टिपणारी यंत्रे लावली होती. मासे खाणारी ही सील रात्री एकेका बुडीत सरासरी ५७ मॅक्रोहेक्टोपस एकेक करून टिपते, हे तेव्हा समोर आले. तिच्या दाढांना फणीसारखे दाते आहेत, त्यांतून पाणी बाहेर जाते आणि शिकार तोंडात राहते. केवळ सरासरीकडे पाहणाऱ्याला ही बुडी दिसत नाही. प्रभो, मला जे ठाऊक आहे ते ठामपणे सांगण्याचे बळ दे, आणि माझ्या आकड्याच्या पलीकडे जे आहे त्याला माझ्या मताने झाकू नये एवढी सद्बुद्धी दे.

याहून अवघड असे एक आहे, आणि त्यासाठी मी तुझे पाय धरते. जड नायट्रोजन दिसला की आम्ही म्हणतो, हा वरच्या पायरीवरचा, दुसऱ्यांना खाऊन जगणारा. पण ज्याला खायला मिळत नाही तो स्वतःचेच स्नायू जाळतो. आपल्याच देहाचे प्रथिन त्याचे अन्न होते. हलका नायट्रोजन निघून जात राहतो, बाहेरून नवा येत नाही, आणि उपाशी जीव जड होत जातो. उपासमार झालेल्या प्लवकात हे होते, माणसातही होते. आयर्लंडमध्ये १८४५ ते १८५२ च्या दुष्काळात किलकेनीच्या अनाथ-निराधारांच्या वर्कहाऊसमध्ये जे मेले, त्यांच्या दातांच्या थरांत अभ्यासकांना हाच चढता नायट्रोजन सापडला. नंतर मदत म्हणून अमेरिकेहून आलेला मका त्यांच्या पोटात गेला, तोही त्याच दातांत जड कार्बनच्या रूपाने नोंदला गेला. मका, ज्वारी, बाजरी, ऊस यांचा कार्बन भात-गव्हापेक्षा जड असतो. भाकरीवर वाढलेल्या आमच्यासारख्यांच्या हाडांतही तो आहे.

तेव्हा विश्वंभरा, भरपेट शिकारी आणि भुकेला यांचा आकडा एकच येऊ शकतो. तू दोघांनाही ओळखतोस. मला ओळखता येत नाही, जोवर मी त्या जिवाची चरबी किती उरली आहे, त्याच्या भोवतीच्या पाण्यात अन्न किती आहे, ऋतू कोणता आहे, हे पाहत नाही. ही ओळख मला दे. माझ्या तक्त्यात वरच्या रांगेत बसलेला प्रत्येक जण बळकट आहे असे मी कधी समजू नये. प्रयोगशाळेबाहेरही, ज्याच्या अंगावर भार दिसतो तो त्याने दुसऱ्याकडून घेतलेला आहे की स्वतःचेच जाळून उरलेला आहे, हे पाहिल्याशिवाय माझ्या तोंडून निवाडा निघू देऊ नकोस.

आता सरोवरासाठी मागते. कोझोव घराण्याच्या साठ वर्षांच्या नोंदींवरून २००८ साली कळले की बैकालच्या वरच्या पाण्याचे तापमान १९४६ पासून १.२१ अंशांनी वाढले. उबदार पाणी आवडणारे क्लॅडोसेरा वर्गातले प्लवक तिपटीहून अधिक वाढले. बर्फाचे दिवस कमी होत आहेत. बर्फ उशिरा धरला, लवकर फुटला किंवा त्यावर हिम जास्त साचले, तर खालच्या डायटमचे ऊन जाते. थंडीत रमणाऱ्या एपिशुराची जागा दुसऱ्यांनी घेतली, तर त्याच्यावर उभी असलेली प्रत्येक पायरी हलेल. आमच्या चुलीचा आणि चाकांचा धूरही तुझ्या वहीत उतरला आहे. कोळसा आणि तेल हे प्राचीन जिवांचे अवशेष, त्यांचा कार्बन हलका. ते जाळून जाळून आम्ही सगळ्या पृथ्वीच्या हवेतला कार्बन हलका केला. जिथे जिथे शैवाल हवेतून पाण्यात आलेला कार्बन घेते, तिथे तिथे तो आमची साक्ष देतो. गावांचे सांडपाणी पाण्यात सोडले की त्यातला नायट्रोजन बहुधा जड असतो, आणि काठच्या शेवाळात तो दिसतो. आम्ही कितीही नाकारले तरी तू लिहिलेले खोडता येत नाही.

म्हणून माझे मागणे असे की ही साक्ष आम्हाला वेळेवर ऐकू येऊ दे. काठावरच्या गावांत सांडपाणी शुद्ध करण्याची यंत्रे बसू देत आणि चालू राहू देत. ज्यांच्या हाती नियम करणे आहे, त्यांना साध्या शब्दांत सांगण्याची हातोटी अभ्यासकांना दे, आणि ऐकणाऱ्यांना लाज न वाटता ऐकण्याचे धैर्य दे. काठावर राहणारे बुर्यात लोक पिढ्यान्पिढ्या बैकालला पवित्र मानतात. सरोवरातल्या ओल्खोन बेटावर त्यांनी उभारलेल्या खांबांना रंगीत फिती बांधलेल्या असतात. ते तुला ज्या नावाने हाक मारतात त्या नावाने त्यांचे ऐक. ज्या पाण्यापुढे ते वाकतात, त्याच पाण्यापुढे मी सूक्ष्मदर्शकावर वाकते. ही दोन वाकणी तुझ्यापाशी वेगळी नाहीत, अशी माझी श्रद्धा आहे.

देशादेशांत वैर वाढले की सगळ्यात आधी अशी शांत कामे थांबतात. नमुने सीमेवर अडकतात, पत्रव्यवहार तुटतो, एकमेकांची भाषा शिकलेली माणसे एकमेकांना भेटू शकत नाहीत. कृपा करून बैकालवरच्या जाळ्याला खंड पडू देऊ नकोस. तिथे आज बर्फाला भोक पाडणाऱ्या मुलामुलींची बोटे शाबूत ठेव, त्यांना वेळेवर पगार मिळू दे, आणि त्यांच्या मागून येणाऱ्यांना जुन्या नोंदवह्या नीट सापडू देत. अलास्कापासून फिनलंडपर्यंत आणि आपल्या हिमालयातही थंड पाण्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाला सुखरूप घरी पोचव.

आणि ज्या कुणाच्या अंगातला नायट्रोजन आज उपासमारीने चढत आहे, मग तो पाण्यातला एपिशुरा असो की रांगेत ताटकळलेले मूल, त्याच्या तोंडी आधी घास घाल. मोजणी नंतर होईल. भरवणे तुझे काम आहे, आणि त्यात आमचे हात तुला लागत असतील तर विश्वंभरा, ते घे.